हापूसच्या पेटीतला ‘पहिला दर्जा’ कायद्यात कसा मोजतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका तरुण बागायतदारांनी पुण्यातल्या खरेदीदाराशी फोनवर सौदा केला, मोबाइलवर फोटो पाठवले आणि ४० पेट्या रवाना केल्या. प्रत्येक पेटीवर ‘ए ग्रेड’ असं लिहिलं होतं. चार दिवसांनी खरेदीदाराचा निरोप आला की निम्मा माल ए ग्रेडचा नाही, आणि त्याने निम्मे पैसे कापले. बागायतदार विचारतात: कायद्यात ए ग्रेड म्हणजे नेमकं काय? ते ठरवायचं कोणी? पुढच्या हंगामात अ‍ॅगमार्क हे शेतमालाच्या दर्जाचं सरकारी चिन्ह घेतलं तर हा त्रास थांबेल का?

मी २७ वर्षं आंब्याच्या प्रतवारीत आहे. सुरुवातीची वर्षं निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये टेबलाशी उभं राहून फळं निवडली. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या शेडमध्ये जाऊन तेच काम शिकवतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण हंगामाआधी हे एकदा नीट वाचून घ्या.

पहिली गोष्ट. आंब्याच्या मानकात ‘ए’ हे अक्षर आहे, पण ते दर्जाचं नाही, आकाराचं आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचं आंब्याचं मानक आहे, क्रमांक १८४, वर्ष १९९३. त्यात फळांचे वजनावरून तीन गट आहेत: ए म्हणजे २०० ते ३५० ग्रॅम, बी म्हणजे ३५१ ते ५५०, सी म्हणजे ५५१ ते ८००. म्हणजे ‘ए’ हा सगळ्यांत लहान गट, आणि आपला बहुतेक हापूस त्यातच बसतो. दर्जाला तिथे वेगळी नावं आहेत: एक्स्ट्रा क्लास, क्लास वन आणि क्लास टू. आपल्याकडे २००४ साली फळं आणि भाजीपाल्याच्या प्रतवारीचे जे अ‍ॅगमार्क नियम आले, त्यांतही हेच तीन वर्ग आहेत. त्या नियमांमागचा मूळ कायदा १९३७ चा, शेतमालाची प्रतवारी आणि चिन्हांकनाचा. तेव्हा तुम्ही पेटीवर ‘ए ग्रेड’ लिहिलंत त्याला प्रतवारीच्या कायद्याचा आधार नाही. तुमच्या मनातला ए आणि खरेदीदाराच्या मनातला ए हे दोन वेगळे आंबे होते, आणि भांडण तिथूनच सुरू झालं.

आता त्या तीन वर्गांत खरोखर काय मोजतात ते बघू. आधी सगळ्या वर्गांना सारख्या लागू असलेल्या किमान अटी. फळ अखंड, घट्ट, स्वच्छ, ताजं दिसणारं हवं. सडलेलं चालत नाही. काळे मेलेले चट्टे नकोत, मोठा मार नको, कीड नको, वरून ओल नको, वेगळा वास नको. देठ ठेवला असेल तर एक सेंटिमीटरपेक्षा लांब नको. आणि फळ पुरेसं तयार झालेलं हवं, म्हणजे पुढे नीट पिकेल इतकं. आपण ज्याला सोळापैकी चौदा आणे तयार म्हणतो, ते हेच. बारा आण्याचं फळ कितीही चकचकीत असलं तरी ते क्लास टूमध्येसुद्धा बसत नाही, कारण ते किमान अटीतच नापास होतं. एप्रिलच्या सुरुवातीला भाव चढा असताना कच्चं फळ उतरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तिथे प्रश्न भावाचा किंवा चवीचा उरत नाही, तो माल कुठल्याच दर्जाचा राहत नाही.

किमान अटींत बसलं की मग डाग मोजायचे. एक्स्ट्रा क्लासमध्ये सालीवर अगदी किरकोळ, वरवरचं काही असलं तर चालतं, बाकी नाही. क्लास वनमध्ये घासल्याचे, उन्हाचे, चिकाच्या ओघळाचे आणि भरून आलेल्या माराचे डाग चालतात, पण ए आकाराच्या फळावर ३ चौरस सेंटिमीटरपर्यंत. क्लास टूमध्ये हीच मर्यादा ५ चौरस सेंटिमीटर. मोठ्या आकाराला मर्यादा थोडी वाढते: बी आणि सी गटांना क्लास वनमध्ये ४ आणि ५, क्लास टूमध्ये ६ आणि ७.

३ चौरस सेंटिमीटर म्हणजे किती हे डोळ्यांना कळत नाही. मी प्रत्येक शेडमध्ये एक साधी गोष्ट करून देतो. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्यायचा, त्यावर मार्करने दोन वर्तुळं काढायची, एक २ सेंटिमीटर व्यासाचं आणि एक २.५ सेंटिमीटरचं. लहान वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३.१ भरतं, मोठ्याचं ४.९. डाग लहान वर्तुळात मावला तर फळ क्लास वनच्या टोपलीत, मोठ्यात मावला तर क्लास टूच्या, तिथेही नाही तर कॅनिंगला. चिकाचा ओघळ लांबट असतो, तो वर्तुळात बसत नाही. त्याची लांबी गुणिले रुंदी धरायची. चार सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद ओघळ म्हणजे २ चौरस सेंटिमीटर. शेजारी दुसरा असेल तर मिळवायचा. प्रतवारीला बसणाऱ्या बायका दोन दिवसांत हे इतकं पक्कं शिकतात की तिसऱ्या दिवशी त्यांना प्लास्टिक लागत नाही. शंकेच्या फळापुरतं ते काढतात.

चिकाचं बोलतोय तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तिसऱ्या वर्षी आम्ही संध्याकाळी काढलेला आंबा त्याच रात्री बल्बखाली निवडला आणि पहाटे भरून पाठवला. निवडताना ओघळ ओले, पारदर्शक, दिसेनात. माल पोचेपर्यंत ते काळे पडले आणि क्लास वन म्हणून भरलेली खोकी क्लास टू ठरली. खरेदीदाराने कापले ते पैसे रास्त होते. तेव्हापासून माझा नियम आहे: देठ मोडल्यावर चीक पूर्ण निथळू द्यायचा, फळ एक रात्र सावलीत मोकळं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उजेडात निवडायचं. गाडी एक दिवस उशिरा जाते, पण पेटीवर लिहिलेला वर्ग पोचल्यावरही तोच राहतो.

यानंतर येते सूट. शंभर टक्के निर्दोष पेटी कायदाही मागत नाही. एक्स्ट्रा क्लासच्या पेटीत संख्येने किंवा वजनाने ५ टक्के फळं त्या वर्गाची नसली तर चालतात, पण ती क्लास वनची तरी हवीत. क्लास वनमध्ये १० टक्के सूट, ती फळं क्लास टूची हवीत. क्लास टूमध्येही १० टक्के, मात्र सडलेलं फळ त्या सुटीत धरत नाहीत. पाच डझनाची पेटी म्हणजे ६० फळं. एक्स्ट्रामध्ये ३ फळं चुकली तर माफ, क्लास वनमध्ये ६. सातवं निघालं की ती पेटी क्लास वनची नाही.

तुमचा खरेदीदार म्हणतो ‘निम्मा माल नाही’. त्याला विचारायचा पहिला प्रश्न हा: किती पेट्या उघडल्या, प्रत्येकीत किती फळं, कुठल्या दोषाची? हा आकडा नसेल तर निम्मा हा नुसता शब्द आहे.

पण आता तुमच्या बाजूची एक गोष्ट, जी ऐकायला बरी वाटणार नाही. फोटो मी पाहिले. फोटोत पेटीचा वरचा थर आहे. आपल्याकडे पेटी भरताना वरच्या थराला दर्शनी फळ लावायची जुनी सवय आहे. वाशीच्या मार्केटमध्ये तर सगळ्यांना हे ठाऊक असतं, दलाल खालपर्यंत हात घालूनच भाव बोलतो. पण कोडेक्समध्ये याबद्दल स्पष्ट वाक्य आहे: पेटीत दिसणारा भाग आतल्या सगळ्या मालाचा प्रतिनिधी असला पाहिजे. पेटीतली सगळी फळं एका मूळ ठिकाणची, एका जातीची, एका दर्जाची आणि एका आकाराची हवीत. वरचा थर एक्स्ट्रा, मधला वन आणि तळाचा टू अशी पेटी भरली तर ती कुठल्याच वर्गाची पेटी नसते, मग सरासरी कितीही चांगली निघो.

आणि आकाराचा नियम याहून बारीक आहे, तो आपल्या लोकांना जवळपास माहीतच नसतो. ए गट २०० ते ३५० चा असला तरी एका पेटीतल्या सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलक्या फळात ७५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. मागच्या मे महिन्यात एका शेडमध्ये मी भरलेली पेटी पेंढ्यापर्यंत उकलली. वरचं फळ काट्यावर ठेवलं, २९५ ग्रॅम. तळाच्या कोपऱ्यातलं ठेवलं, २०५. दोन्ही फळं देखणी, दोन्ही ए गटातली, एकावरही डाग नाही. तरी फरक ९० ग्रॅम, म्हणजे पेटी आकारात नापास. मालकांना धक्का बसला. आकारालाही १० टक्के सूट आहे, पण तीसुद्धा ठरलेल्या फरकाच्या निम्म्यापर्यंतच, आणि ए गटात १८० ग्रॅमच्या खालचं फळ सुटीतही घेत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा की पेटीवर अक्षर लिहूच नका, ग्रॅम लिहा. ‘क्लास वन, २२० ते २८०, पाच डझन’ एवढं लिहिलं की भांडायला जागा राहत नाही. आपल्या डझनाच्या हिशेबाशी हे जुळतंही, कारण चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटी आपण मुळात आकारावरूनच वेगळी करतो. फक्त ते डोळ्यांनी करतो, काट्याने करत नाही.

आता दर्जा ठरवायचं कोणी, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे प्रतवारीचा कायदा थांबतो आणि १९३० चा मालविक्रीचा कायदा सुरू होतो. तुम्ही दलालाकडे माल पाठवता तेव्हा तो समोर बघून विकला जातो आणि जो भाव येईल त्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तुम्हाला येते. थेट खरेदीदाराला फोनवर विकता तेव्हा तुम्ही वर्णनावर विकता. कलम १५ सांगतं की माल वर्णनाशी जुळला पाहिजे. नमुना दाखवून सौदा झाला असेल तर कलम १७ प्रमाणे सगळा माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि खरेदीदाराला तो ताडून बघायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. पेटीचा फोटो पाठवून सौदा केलात तर समोरचा तोच तुमचा नमुना म्हणून दाखवणार. वरच्या थराचा फोटो महागात पडतो तो इथे.

पण कायदा तुमच्याही बाजूला उभा राहतो. माल तपासायची संधी कलम ४१ देतं, पण कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदत उलटूनही नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरतात. मालकाने करावं तसं काही त्या मालाचं केलं, म्हणजे तो विकून टाकला, तरीही स्वीकारला असंच धरतात. पिकत्या आंब्याला वाजवी मुदत किती? कायद्यात आकडा नाही, ती मालाच्या स्वभावावरून ठरते, आणि आंब्याचा स्वभाव चार दिवस थांबण्याचा नाही. म्हणून त्याला विचारा: ज्या २० पेट्या नाकारल्या म्हणता, त्या आहेत कुठे? नाकारलेला माल परत पाठवायची सक्ती त्याच्यावर नाही, कलम ४३ प्रमाणे नकार कळवला की पुरे. पण त्याने त्या विकल्या असतील तर तो नकार उरत नाही. अशा वेळी कलम ५९ प्रमाणे दर्जातल्या कमतरतेपुरती किंमत कमी मागता येते. क्लास वन आणि क्लास टूच्या त्या दिवसाच्या भावातला फरक जेवढा, तेवढी कपात समजू शकतो. त्या २० पेट्यांचे सगळेच पैसे कापायला मला आधार दिसत नाही. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर हीच कलमं घेऊन तालुक्याच्या वकिलाकडे जा.

एक भेद मात्र दोघांनीही पाळायला हवा. फळाचे काही दोष निघताना असतात, काही वाटेत येतात. वजन, घासल्याचे डाग, उन्हाचे चट्टे हे निघतानाचे; ते तुमचे. पिकताना येणारा मऊपणा, गाडीतला दाब, उष्णतेने आलेली सुरकुती, हे प्रवासातले. ते कोणाचे हे सौद्यात ठरतं: माल तुमच्या खळ्यावर ताब्यात दिला की पुण्याच्या दारात? तुमच्या सौद्यात हे बोललंच गेलं नाही. साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचं, तर आणखी अवघड. डागाची सगळी मोजमापं सालीवरची, आणि साका फळ कापल्याशिवाय कळत नाही. प्रतवारीचं टेबल तो पकडू शकत नाही. तो आवरायचा असेल तर काढणीतच: फळ झाडावर जास्त पिकू द्यायचं नाही, सकाळी लवकर काढायचं, तापलेल्या कातळावर एक मिनिटही ठेवायचं नाही, थेट सावलीत न्यायचं. आणि सौद्यात आधीच बोलून ठेवायचं की डझनाला किती साकी निघाली तर भरपाई कशी. मी हे बोलायला लावतो तेव्हा बागायतदार संकोचतात, त्यांना वाटतं आपणच आपल्या मालाची खोड सांगतोय. अनुभव उलटा आहे. आधी सांगणाऱ्याकडेच खरेदीदार पुढच्या वर्षी परत येतो.

तिसरा प्रश्न, अ‍ॅगमार्कचा. ताज्या फळाला देशातल्या विक्रीसाठी तो ऐच्छिक आहे. केंद्र सरकारच्या विपणन आणि निरीक्षण संचालनालयाकडे अर्ज करून अधिकारपत्र घ्यावं लागतं. जागा, प्रतवारीची सोय, जाणकार माणूस आणि रोजच्या नोंदी दाखवाव्या लागतात, मग चिन्ह लावता येतं. अधिकारपत्राशिवाय ते चिन्ह पेटीवर छापणं हा कायदेभंग आहे. पूर्वी खोट्या चिन्हाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढली आणि दंड ८ लाख रुपये केला. तेव्हा ‘छापून घेतलेल्या पेट्या स्वस्त मिळाल्या’ म्हणून कोणाचं चिन्ह असलेली पेटी वापरू नका.

तुम्ही घ्यावा का? ४० पेट्यांच्या सौद्यासाठी एकट्याने नको. नोंदींचं ओझं परवडणार नाही. गावातले आठ-दहा बागायतदार मिळून एक शेड, एक काटा, एक प्रतवारीचा माणूस ठेवणार असाल तर जरूर घ्या. चिन्हाचा खरा फायदा असा की दर्जाची व्याख्या लिखित होते आणि तिसऱ्या माणसाने तपासलेली असते. युरोपला माल द्यायचा असेल तर प्रतवारी आणि वनस्पती-आरोग्य या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे विसरू नका. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला होता तो फळमाशीमुळे, दर्जामुळे नाही, आणि २०१५ मध्ये उघडला तोही त्याच मुद्द्यावर. देखणं एक्स्ट्रा क्लास फळ एका अळीपायी अडकतं.

भौगोलिक मानांकनाबद्दल अनेक जण गल्लत करतात म्हणून दोन शब्द. २०१८ मध्ये हापूसला मिळालेलं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला आहे. ते फळ कुठलं हे सांगतं, कसं आहे हे नाही. मानांकनाचा हापूस क्लास टूचाही असू शकतो. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करा, परप्रांतातला आंबा आपल्या नावाने विकणाऱ्याला अडवायचं हत्यार तेच आहे. पिकवण्याबाबत अन्नसुरक्षेचा नियम वेगळा आणि कडक आहे: कार्बाइड पूर्ण बंद, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. गवतात फळ पिकवायच्या तुमच्या आढीला यातलं काहीच लागत नाही.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. खरेदीदाराला लेखी विचारा: पेट्या किती उघडल्या, पेटीमागे किती फळं कुठल्या दोषाने बाद, फोटो आहेत का, आणि त्या २० पेट्यांचं पुढे काय झालं. उत्तर येईपर्यंत कपात मान्य असल्याचं फोनवरसुद्धा बोलू नका. तुमच्याकडे भरतानाची नोंद नाही हे मला माहीत आहे. म्हणून पुढच्या काढणीपासून प्रत्येक दहाव्या पेटीचे सगळे थर उलगडून फोटो काढा, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलक्या फळाचं वजन वहीत लिहा, आणि पेटीत चिठ्ठी टाका. चिठ्ठीचा मजकूर मी शेडमध्ये देतो तो असा: ‘हापूस, क्लास वन, २२० ते २८० ग्रॅम, ६० फळं, काढणी अमुक तारखेला, भरणी अमुक तारखेला. ताबा खळ्यावर. तक्रार पेटी मिळाल्यापासून २४ तासांत, सर्व थरांच्या फोटोसह.’